सहाचा चार

रस्ते अजून डोंगरात पोहोचले नव्हते, त्या काळची ही गोष्ट. एका खोल नदीच्या दोन काठांवर मिळून एकच गाव वसलं होतं. अलीकडच्या काठावर बाजार, वैद्यांचं घर आणि पाठशाळा. पलीकडे चढावर थोड्याशा झोपड्यांची वाडी. उन्हाळ्यात नदी गुडघ्याएवढी असे, माणसं दगडांवर पाय देत ये-जा करत. पावसाळ्यात मात्र ती अशी फुगे, की वाडी चार महिने तुटून पडे. मीठ, तेल, औषध सगळं आधीच भरून ठेवायचं. संपलं तर पाणी ओसरायची वाट बघायची.

त्या वाडीत तानी नावाची मुलगी राहत होती. बारा-तेरा वर्षांची, हडकुळी, कमी बोलणारी. वाडीतून पाठशाळेत जाणारी ती एकटीच. पण तिची शाळाही नदी देईल तेवढीच. पावसाळाभर ती घरी बसे, आणि परत येई तोवर बाकीची मुलं कुठल्या कुठे पुढे गेलेली असत.

एका वर्षी ती अशीच परत आली, तेव्हा गुरुजींनी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि त्रैराशिकाचं गणित घातलं. त्रैराशिक हा शब्दच तानी पहिल्यांदा ऐकत होती. ती खडू हातात धरून नुसती उभी राहिली. मुलं खुसखुसली.

गुरुजी स्वभावाने मायाळू होते. ते रागावले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बस हो जाऊन. पलीकडच्या पोरांना अंक लागत नाहीत, त्याला तू तरी काय करणार? तुला मी सोपी गणितं देत जाईन."

ते रागावले असते तर तानी कदाचित चिडली असती आणि हट्टाने ते गणित शिकून आली असती. पण गुरुजी इतक्या प्रेमाने बोलले, की ते खोटं असेल असं तिला वाटलंच नाही. घरी जाऊन तिने आईला विचारलं, "आई, आपल्याला अंक लागत नाहीत का गं?"

आई चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "आपल्यात कुणाला लागले आजवर? तू वाचायला शिकलीस, तेच पुष्कळ झालं."

मग तानीने तो विषय मनातून काढून टाकला. गुरुजी इतर मुलांना अवघड गणितं घालत आणि तिला बेरजा देत. ती बेरजा करून गप्प बसे. मात्र इतरांची गणितं तिच्या कानावर पडतच राहिली. घरी शेळ्यांमागे जाता-जाता ती त्यांच्याशी खेळत राही. कधी उत्तर येई, कधी नाही. आलं तरी ती कुणाला सांगत नसे. आपल्याला आलं म्हणजे ते चुकलंच असणार, असं तिने धरून ठेवलं होतं.

एका वर्षी दिवाळीनंतर गावाने ठरवलं, की नदीवर दोरांचा झुलता पूल बांधायचा. जागा ठरली वरच्या अंगाला, जिथे दोन्हीकडे पक्का खडक होता. दोर वळायचं काम भिकोबा नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडे आलं. अंबाडीचं पीक कापणीला आलं होतं; तिच्या सालीच्या धाग्याचा, म्हणजे वाखाचा, दोर वळत. भिकोबा म्हणाला, "वाख किती लागेल ते आत्ताच कळायला हवं. एकदा पीक हातचं गेलं की पुढच्या वर्षापर्यंत नवीन नाही. मला नदीची रुंदी काढून द्या. झोल आणि गाठी किती धरायच्या, ते माझं मी बघतो."

पण पुलाच्या जागी पाणी अजून खोल होतं आणि धारेला जोर होता. खालच्या अंगाला, पात्र पसरट होतं तिथून तानीसारखी माणसं ओलांडू लागली होती. वर मात्र दोरी पलीकडे नेऊन ताणणं शक्य नव्हतं. पाटील गुरुजींकडे आले. गुरुजी म्हणाले, "त्यात काय? नदी न ओलांडता तिची रुंदी काढता येते. माझी मुलं काढतील."

दुसऱ्या दिवशी सगळी पाठशाळा काठावर गेली. पलीकडचा खांब जिथे रोवायचा होता, तिथला एक खडक गुरुजींनी खूण म्हणून धरला, अलीकडे खांबाच्या जागेपासून काठ्या रोवल्या, दोऱ्या ताणल्या. एक मोठा त्रिकोण नदीवरून गेला आणि त्याच आकाराचा एक लहान त्रिकोण काठावरच्या वाळूत आला. गुरुजींनी समजावलं, "मोठा त्रिकोण लहानाच्या बरोबर तिप्पट आहे. म्हणून लहान त्रिकोणाची ही बाजू मोजा आणि तिची तिप्पट करा. ती नदीची रुंदी."

बाजू मोजली. ती भरली आठ वाव आणि तीन हात. दोन्ही हात पसरले की होतो तो एक वाव, आणि चार हातांचा एक वाव, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक होतं.

मुलं पाट्या घेऊन बसली. तानीला गणित घातलेलं नव्हतं, पण हा पूल तिच्या वाडीचा होता. तिने पाटी पुढ्यात ओढली. तीन हातांची तिप्पट नऊ हात. चार-चार हातांचे दोन वाव झाले, एक हात उरला. आठ वावांची तिप्पट चोवीस, त्यात हातचे दोन. सव्वीस वाव आणि एक हात. तिने वाळूत खडे मांडून पुन्हा मोजलं. सव्वीस वाव, एक हात.  गणित सरळ, स्वच्छ सुटलं होतं.

तेवढ्यात नरहरने पाटी वर केली. नरहर वैद्यांचा मुलगा, वर्गात सर्वांत हुशार. त्याचं उत्तर चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याच्या पाटीवर होतं, चोवीस वाव, एक हात.

त्याच्या मागोमाग एक पाटी वर झाली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यांवर चोवीस. कुणी करून काढलं होतं आणि कुणी शेजारी बघून, कोण जाणे.

तानीने आपल्या पाटीकडे पाहिलं. सगळ्यांचं चोवीस आणि आपलं एकटीचं सव्वीस. तिला फळ्यापाशी उभं राहिलेलं आठवलं. मुलांचं खुसखुसणं आठवलं. तिने अंगठा जिभेला लावून ओला केला, सहा पुसला आणि त्या जागी चार लिहिला.

गुरुजी रांगेतून आले. तिच्यापाशी थांबले. त्यांचा चेहरा उजळला. "अरे, आज आपल्या तानीचंही बरोबर आलं! शाबास!"

मुलांनी वळून पाहिलं. पाठशाळेत तानीला मिळालेली ती पहिली शाबासकी. तिला हसू आलं, आणि लगेच तिची नजर पाटीवरच्या पुसलेल्या जागेवर गेली.

त्या संध्याकाळी घरी जाताना तिने मनातल्या मनात पुन्हा आकडे मांडले. सव्वीस. आईला तिने सगळं सांगितलं. आईने चुलीत लाकूड सरकवलं. मग म्हणाली, "सगळ्यांचं एक आणि तुझं एक. कुणाचं खरं असेल, तूच सांग." 

थंडीभर दोर वळण्याचं काम चाललं. अख्खं गाव राबलं. बायकांनी वाख सोलून धुतला, पुरुषांनी पीळ भरला, मुलांनी टोकं धरली. तानीही रोज टोक धरायला उभी राही. एकदा भिकोबाने हात थांबवून मुलांना विचारलं, "मापाची खात्री आहे ना रे पोरांनो? माझं सगळं त्याच्यावर आहे." सगळी मुलं एका सुरात हो म्हणाली. त्यात तानीचाही आवाज होता.

पुढे पाणी ओसरलं. आता दोरी पलीकडे नेऊन रुंदी सरळ मोजता आली असती. पण आकडा ठरला होता, पुन्हा मोजावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. तानीच्या मात्र आलं. एकदा ती सुतळीचा गुंडा घेऊन पुलाच्या जागेपर्यंत गेलीसुद्धा. चोवीस भरले तर आपल्याला अंक लागत नाहीत, हे कायमचं ठरेल. सव्वीस भरले तर गावापुढे उभं राहून सांगावं लागेल. तिला दोन्हींची भीती वाटली. ती तशीच माघारी आली.

वैशाखात दोर तयार झाले. चार जाड दोर, माणसाच्या मनगटाएवढे. पूल चढवायच्या दिवशी दोन्ही काठांवर माणसं जमली. वाडीतल्या बायकांनी पलीकडचा खांब शेंदूर लावून पुजला. पुरुषांनी आधी एक बारीक दोरी पलीकडे नेली, तिला जाड दोर बांधला आणि ओढायला लागले. दोर अलीकडच्या खांबाला गुंडाळून गाठी मारल्या होत्या. तो हवेत उचलला गेला, सरकत-सरकत पलीकडच्या काठावर पोहोचला आणि तिथेच अडला. त्याचं टोक खांबापर्यंत पोहोचलं नव्हतं. माणसांनी जोर लावला. दोर ताठ झाला, त्याच्यातला सगळा झोल निघून गेला, तरी खांबाला वेढा घालायला तो पुरेना.

ओढणारे थांबले. वाऱ्यावर दोर हलत राहिला.

मग आरडाओरडा सुरू झाला. खांब अलीकडे घ्या, असं कुणी म्हणालं, पण खडकाच्या पुढची माती ठिसूळ होती. कुणी म्हणालं, सांधा मारा. भिकोबाने मान हलवली, "माणसांच्या भाराला सांधलेला दोर मी देणार नाही." तसा गर्दीतला एक जण ओरडला, "हाच तो! जास्तीचा पीळ भरला म्हणून दोर आखडला. म्हाताऱ्याने सगळ्या गावाची मेहनत पाण्यात घातली!"

आणखी दोघा-तिघांनी त्याचीच री ओढली.  थंडीभर पीळ भरून भिकोबाच्या हातांची सालं निघाली होती. तो त्या हातांकडे बघत राहिला.

तानी आईच्या मागे उभी होती.  गप्प राहिली तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. तिच्या पाटीवर चोवीसच होते, गुरुजींनी स्वतः पाहिले होते. ती आईच्या मागून बाहेर आली आणि गर्दीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"दोर आखडला नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "दोर आखडला नाही. माप चुकलं. रुंदी सव्वीस वाव आणि एक हात आहे. माझं तेच उत्तर आलं होतं. सगळ्यांचं चोवीस बघून मी ते पुसलं."

"आत्ता सांगतेस होय?" मघाचा माणूस म्हणाला. "दोर कमी पडल्यावर कुणीही सांगेल!"

पाटलांनी हात वर करून त्याला गप्प केलं. ते म्हणाले, "दोरी पलीकडे गेलेलीच आहे. मोजून बघा."

दोघांनी ती बारीक दोरी खांबापासून खांबापर्यंत ताणली, खूण केली आणि अलीकडे आणून वावांनी मोजायला घेतली. मोजणाऱ्याच्या तोंडाकडे सगळे बघत होते. चोवीस झाले. पंचवीस झाले. सव्वीस. आणि वर एक हात.

नरहर मटकन खाली बसला. वाळूत बोटाने त्याने गणित मांडलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "हातचे दोन," तो म्हणाला. "मी हातचे दोन मिळवलेच नाहीत."

गुरुजी तानीपाशी आले. त्यांनी विचारलं, "बरोबर आलेलं उत्तर तू का पुसलंस, पोरी?"

तानीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या मनात राग नव्हता. तिने आपलं जे खरं होतं ते सांगितलं. "गुरुजी, पलीकडच्यांना अंक लागत नाहीत ना. म्हणून मला वाटलं, माझंच चुकलं."

गुरुजी गर्दीकडे वळले. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "भिकोबाची चूक नाही. नरहरने हातचे सोडले, लहान मुलाच्या हातून तेवढं होतं. ते तपासायचं काम माझं होतं. नरहरची पाटी वर झाली की मी बाकीच्या पाट्या नीट बघत नाही. आणि या पोरीने उत्तर पुसलं, कारण तिला अंक लागत नाहीत असं मीच तिला सांगितलं होतं." एवढं बोलून ते भिकोबापुढे गेले आणि त्यांनी हात जोडले.

पण त्याने दोर लांब झाला नाही. वाख संपला होता. नवी अंबाडी पावसाळ्यानंतरच येणार होती.

नदी भरायच्या आधी गुरुजींनी तानीला बोलावलं आणि पावसाळाभर पुरतील इतकी गणितं तिला समजावून दिली. त्रैराशिकं, अपूर्णांक, क्षेत्रफळं. सोपं त्यात एकही नव्हतं. "यातली बरीच चुकतील," ते म्हणाले. "चुकलेली पुसू नकोस. मला ती बघायची आहेत."

पाणी आलं आणि वाडी तुटली. त्या पावसाळ्यात तानीच्या शेजारची एक म्हातारी तापाने पडली. तिला आपलं असं कुणी नव्हतं. तानीची आईच तिला पेज नेऊन देई. ताप वाढला, तेव्हा वाडीतल्या माणसांनी काठावर उभं राहून हाका मारल्या. पलीकडून वैद्य धावत आले. त्यांच्या हातात औषधाची पुरचुंडी होती. त्यांनी ओरडून काही सांगितलं, पण नदीच्या आवाजात एक शब्द कळेना. पुरचुंडी दगडाला बांधून त्यांनी फेकली. ती पाण्यात पडली. अंधार पडेपर्यंत ते तसेच काठावर उभे होते आणि त्यांच्या शेजारी नरहर.

म्हातारी दोन दिवसांनी गेली. औषध पोहोचलं असतं तर ती वाचली असती का, हे कुणालाच सांगता आलं नसतं. तानीने आईला ते विचारलं, तेव्हा आईने तिला जवळ घेतलं.

त्यानंतर काही दिवस तानीने पाटीला हात लावला नाही. मग एके सकाळी ती उठली आणि गणितं करायला बसली. पाटी पुरेना, तसा तिने चुलीतला कोळसा घेतला आणि घराच्या भिंतीवर लिहायला लागली. चुकलेलं तसंच ठेवायचं, त्याच्या शेजारी पुन्हा मांडायचं. कधी एकेका गणिताला भिंतीचा हातभर तुकडा लागे.

पाणी ओसरल्यावर गुरुजी स्वतः नदी ओलांडून वाडीत आले. इतकी वर्षं ते त्या गावात शिकवत होते, पण या काठावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तानीच्या घरात ते भिंतीपुढे उभे राहिले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं वाचत गेले. एके ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं, "इथे चार वेळा चुकलीस. मग पाचव्यांदा काय केलंस?"

"कुठे चुकतंय ते शोधलं," तानी म्हणाली. "मी छेद उलटा धरत होते."

गुरुजींनी मान हलवली. तिच्या आईला ते म्हणाले, "बाई, हिला अंक लागतात. मला ते बघता आलं नाही."

त्या हिवाळ्यात पुन्हा दोर वळायला घेतले. वाख किती लागेल, याचा हिशेब या वेळी प्रत्येक मुलाने वेगळा बसून केला आणि गुरुजींनी प्रत्येक पाटी हातात घेऊन पाहिली. उत्तरं सारखी आली नाहीत. तानीने आपली पाटी वर केली, नरहरने आपली. दोघांची उत्तरं वेगळी होती. दोघं समोरासमोर बसली, ओळीन् ओळ ताडून पाहिली. या वेळी तानीचं चुकलं होतं. झोलासाठी धरलेली लांबी तिने एकाच दोराला लावली होती, उरलेल्या तिन्हींना लावायची राहिली होती.

"हो, हे माझं राहिलं," ती म्हणाली आणि दुरुस्त करायला लागली. नरहर तिच्याकडे बघतच राहिला. चुकल्यावर इतक्या शांतपणे बसता येतं, हे त्याला माहीत नव्हतं.

वैशाखात पूल चढला. दोर खांबांना वेढे घालून पुरले आणि गाठी मारून वर थोडे उरले.

पुढच्या पावसाळ्यात वाडीतल्या एका लहानग्याला ताप आला. तानी पुलावरून धावत वैद्यांकडे गेली आणि त्यांना घेऊन निघाली. खाली नदी फेसाळत होती, पूल झुलत होता. वैद्य मधेच थबकले, तेव्हा तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना पलीकडे आणलं. औषध वेळेवर पोटात गेलं आणि पोर चार दिवसांत खेळायला लागलं.

परत जाताना वैद्य त्या म्हातारीच्या झोपडीवरून गेले. दाराला बाहेरून कडी होती, ओट्यावर गवत उगवलं होतं. ते क्षणभर थांबले. तानीही थांबली.  मग ती त्यांना पुलापर्यंत पोहोचवायला निघाली.

तात्पर्य एवढंच: स्वतः मेहनतीने काढलेलं उत्तर इतरांचं वेगळं आलं म्हणून पुसू नये. ते सर्वांपुढे मांडावं, तपासू द्यावं, आणि चुकलं तर पुन्हा करावं. आणि मोठ्यांनी "तुला हे जमणार नाही" असं कोणत्याही मुलाला सांगू नये, प्रेमानेसुद्धा.